तेच पालुपद, २६ वेळा

रविवारच्या उपासनेत बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं १३६ वं स्तोत्र वाचायला होतं. वाचकाने पहिली तीन वचनं सावकाश, पूर्ण वाचली आणि चौथ्यापासून प्रत्येक वचनाचा उत्तरार्ध गाळायला सुरुवात केली. आकाश निर्माण करणारा, पाण्यावर पृथ्वी पसरणारा, दिवसावर सूर्य नेमणारा, असं भराभर खाली उतरत तो शेवटच्या वचनापाशी आला आणि तिथे एकदाच म्हणाला, "त्याची दया सनातन आहे." उशीर झाला होता, प्रवचन आणि प्रभुभोजन अजून व्हायचं होतं आणि ते वाक्य तर सगळ्यांना पाठच होतं. कुणाला त्यात काही खटकलं असेल असं वाटलं नाही. तरी तो गाळलेला उत्तरार्ध मनात सलत राहिला, आणि तो का सलतो याचा शोध घेता घेता एकाच ओळीचा मोठा प्रवास समोर आला.

तसं पाहिलं तर त्या स्तोत्राचा निम्मा मजकूर एकाच वाक्याने व्यापला आहे. वचनं २६ आणि २६ ही वचनांचा शेवट एकच. पहिली ३ वचनं उपकारस्मरणाची हाक देतात. पुढची ६ सृष्टीची. मग सलग १३ इतिहासाची: मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून सुटका, तांबडा समुद्र, रान, सीहोन आणि ओग हे राजे, देशाचं वतन. त्यानंतरची ३ आपल्या दैन्याची, सुटकेची आणि अन्नाची, आणि शेवटचं एक पुन्हा हाकेचं. पालुपद काढून हे वाचलं की हाती उरते घटनांची जंत्री. जंत्रीने कुणाचं सांत्वन होत नाही. अमुक झालं, मग तमुक झालं, एवढंच कळतं. पालुपद मात्र दर दोन घटनांच्या मध्ये येऊन उभं राहतं. समुद्र संपून रान सुरू होण्याआधी ते आहे, रान संपून लढाई सुरू होण्याआधीही आहे. रानात पाऊल टाकणाऱ्याला लढाईबद्दल काहीच माहीत नसतं, पण मध्ये काय आहे ते त्याला ऐकवलेलं असतं.

हे स्तोत्र दोन आवाजांत म्हणावं. एकाने पूर्वार्ध वाचायचा, एक श्वास थांबायचं, आणि बाकी सगळ्यांनी उत्तरार्ध म्हणायचा. गडबड होते ती साधारण दहाव्या वचनापासून. तोंडाला सवय झालेली असते, मन भटकायला लागतं आणि मंडळीचा वेग आपोआप वाढतो. नेमकी तिथेच अवघड वचनं सुरू होतात. दहाव्यात मिसराचे प्रथमजन्मलेले मारले जातात, पंधराव्यात फारो आणि त्याचं सैन्य समुद्रात जातं, सतरा ते वीसमध्ये राजे पडतात, आणि प्रत्येकापुढे तीच दया. ही वचनं टोचतात, आणि टोचावीतच. त्यांना गुळगुळीत करून सांगणारे खुलासे ऐकले की मला स्तोत्रकर्त्याचा प्रामाणिकपणा जास्त जवळचा वाटतो. त्याने पालुपद फक्त सुंदर ओळींसाठी राखून ठेवलेलं नाही. म्हणून वेग इथे कमीच ठेवायला हवा. दोन आवाजांच्या या रीतीत आणखी एक सोय आहे. आदल्याच दिवशी कुणाला तरी माती देऊन आलेल्या माणसाच्या तोंडून त्या सकाळी अक्षर फुटणार नाही. त्याने गप्प उभं राहावं. उत्तरार्ध बाकीच्यांकडे असतो आणि तो त्याच्या वाट्याचाही म्हटला जातो.

या ओळीचा प्रवास पाहिला की तिचं वजन कळतं. यरुशलेमात शलमोन राजाच्या मंदिरात कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पेटी, आणला तेव्हा १२० याजक कर्णे वाजवत होते, मंदिराचे सेवक लेवी झांजा आणि वीणा घेऊन उभे होते, आणि गायलं गेलं ते हेच वाक्य. मंदिर मेघाने असं भरलं की याजकांना उभं राहता येईना. हा झाला वैभवाचा दिवस. वैभवाच्या दिवशी 'दया सनातन आहे' म्हणायला फारसं काही लागत नाही. पण तीच ओळ यिर्मया संदेष्ट्याच्या तोंडी येते तेव्हा तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. बाहेर बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेमाला वेढा घातला आहे, आणि वेढ्याच्या मोर्चांशी टक्कर द्यायला लोकांनी स्वतःचीच घरं पाडली आहेत. अशा वेळी यिर्मया सांगतो की तुम्ही ज्या ठिकाणाला उजाड म्हणता तिथेच पुन्हा वराचा आणि वधूचा शब्द ऐकू येईल आणि 'परमेश्वराची दया सनातन आहे' असं म्हणत उपकारस्तुतीची अर्पणं आणणाऱ्यांचा शब्दही ऐकू येईल. वेढा उठला नाही. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास नगर पडलं, मंदिर जळलं.

मग साधारण ५० वर्षांनी बाबेलच्या बंदिवासातून परतलेली माणसं त्याच जागी नव्या मंदिराचा पाया घालतात. एज्राच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात हे आहे आणि तो प्रसंग फार बारकाईने लिहिलेला आहे. याजक आपल्या वस्त्रांत कर्णे घेऊन उभे, आसाफाचे वंशज झांजा घेऊन उभे, आणि आळीपाळीने तेच पालुपद गायलं जातं. तरुण आनंदाने जयघोष करतात. पण ज्या म्हाताऱ्यांनी पहिलं मंदिर डोळ्यांनी पाहिलं होतं ते हा पाया पाहून मोठ्याने रडू लागतात. लिहिणाऱ्याने नोंदवलं आहे की जयघोषाचा आवाज कोणता आणि रडण्याचा कोणता, हे लोकांना ओळखता येईना, इतका तो गलबला दूरवर ऐकू जात होता. या वाक्यात मला सगळ्या उपासनांचं खरं रूप दिसतं. रडणाऱ्यांना कुणी गप्प केलं नाही. तुमचा विश्वास कमी पडतो असं कुणी म्हणालं नाही. गाणं थांबलं नाही आणि रडणंही थांबलं नाही. दोन्ही एकाच आवाजात मिसळून वर गेलं. आणि त्या दिवसानंतर सगळं सुरळीत झालं म्हणावं तर तेही नाही. विरोध झाला, काम पंधराएक वर्षं ठप्प पडलं आणि मंदिर पुरं व्हायला इ.स.पू. ५१५ चा सुमार उजाडला. पालुपद गायलं म्हणून कामाला वेग आला नाही.

ही ओळ आणखी एका रात्री गायली गेली असावी.

यहुदी परंपरेत वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या सुटकेच्या आठवणीच्या सणाच्या रात्री ११३ ते ११८ ही स्तोत्रं गातात आणि त्यांतली शेवटची भोजनानंतर म्हटली जातात. मत्तय आणि मार्क दोघेही सांगतात की शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाले. कोणतं स्तोत्र ते लिहिलेलं नाही, पण परंपरेवरून ते याच मालिकेतलं मानलं जातं. ११८ वं स्तोत्र 'त्याची दया सनातन आहे' या वाक्याने सुरू होतं आणि त्याच वाक्याने संपतं. मधल्या भागात बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड आहे, आणि शेवटच्या पालुपदाच्या दोनच वचनं आधी वेदीच्या शिंगांना दोरांनी यज्ञपशू बांधण्याची आज्ञा आहे. हे गाऊन येशू गेथशेमाने बागेत गेला. दुःखाचा प्याला टळावा म्हणून त्याने प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी त्याच्या तोंडून दुसरं स्तोत्र निघालं, २२ वं: माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? सनातन दयेची ओळ आणि टाकून दिल्याचा आक्रोश, दोन्ही त्याचेच, मध्ये एक रात्र आणि अर्धा दिवस. देवाची प्रीती आपल्याला जाणवत नाही म्हणजे ती नाही, असं जेव्हा मन सांगायला लागतं तेव्हा या दोन स्तोत्रांमधलं ते अंतर आठवावं. ख्रिस्ताने त्या घटकेला जे भोगलं त्यात जाणिवेचा दिलासा कुठेच दिसत नाही. तरी तारणाचं सगळं काम त्याच घटकेला चाललं होतं.

विश्वासी माणसाची सगळ्यात जास्त फरफट याच ठिकाणी होते. तो आपल्या भावनेला मोजमाप धरतो. प्रार्थनेत ऊब वाटली तर देव जवळ, कोरडं गेलं तर देव रागावलेला. मग ती ऊब परत आणण्यासाठी खटाटोप सुरू होतो: जास्त उपास, जास्त वेळ प्रार्थना, मोठ्याने गाणी, आणि तरीही काही हललं नाही की कुठलं तरी लपलेलं पाप शोधून काढणं. कित्येकदा कारण साधं असतं. झोप झालेली नसते, आजारपण असतं, अंगात त्राण नसतं. बायबलच्या '१ राजे' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो तेव्हा देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला शिवून उठवतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी असतं. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला सांगतो, कारण वाट लांबची आहे. देवाची मंद वाणी होरेब डोंगरावर ऐकू येते, पण ती पुष्कळ नंतर. आधी दोनदा जेवण, दोनदा झोप. ज्याचं मन दीर्घकाळ काळवंडलेलं आहे त्याने डॉक्टरकडे जाणं, औषध घेणं, हे त्या भाकरीच्याच ओळीत बसतं. त्याला अविश्वास म्हणणाऱ्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा.

आणि काही वेळा भाकर, झोप, औषध सगळं करूनही अंधार जात नाही. त्यासाठी स्तोत्रसंहितेत ८८ वं स्तोत्र आहे. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं कुठेतरी वळतात, शेवटाकडे स्तुतीचा एखादा कवडसा येतो. हे वळत नाही. १८ वचनं, आणि शेवट अंधारात. पण त्यात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. हा माणूस तीनदा सांगतो की मी तुझा धावा करतो: पहिल्या वचनात रात्रंदिवस, नवव्यात प्रतिदिवशी, तेराव्यात सकाळी. त्याला उत्तर मिळालेलं नाही, तरी बोलणं देवाशीच चाललं आहे. अकराव्यात तो विचारतो की तुझी दया कबरेत कुणी वर्णील का? ज्या दयेचं पालुपद मंदिरात कर्ण्यांच्या गजरात गायलं गेलं, तिच्याबद्दलच हा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न विचारणारं स्तोत्र मंडळीच्या गीतसंग्रहातून कुणी काढून टाकलं नाही. १५० मध्ये त्याचीही जागा आहे. ज्याला १३६ वं म्हणवत नाही त्याने ८८ वं म्हणावं. तीही प्रार्थनाच आहे.

विल्यम कूपरची गोष्ट या स्तोत्राच्या शेजारी ठेवून वाचावी अशी आहे. इंग्लंडमधल्या ओल्नी गावात जॉन न्यूटन धर्मसेवक होता. १७७३ च्या पहिल्या दिवशीच्या प्रवचनाबरोबर त्याने एक नवं गीत दिलं, तेच पुढे 'अमेझिंग ग्रेस' म्हणून जगभर गेलं. त्याचा जिवलग मित्र, कवी कूपर, त्याच गावात राहत होता, आणि त्याच जानेवारीत कूपरचं मन पुन्हा कोसळलं. देवाने आपल्याला कायमचं टाकलं आहे ही समजूत त्याच्या मनात घट्ट बसली आणि मरेपर्यंत, म्हणजे १८०० पर्यंत, ती कधी पुरती सुटली नाही. कृपेचं सगळ्यात प्रसिद्ध गीत आणि कृपेबद्दलची ती भयंकर निराशा, दोन्ही एकाच गावात, एकाच महिन्यात. न्यूटनने त्याला वादात हरवून बरं करायचा प्रयत्न केला असता तर त्याचा काही उपयोग झाला नसता. त्याने वेगळं केलं. कूपरला आपल्या घरी ठेवून घेतलं, वर्षभराहून अधिक काळ. पुढे न्यूटन लंडनला गेला तरी पत्रं चालू राहिली. १७७९ मध्ये ओल्नीच्या गीतांचं पुस्तक निघालं त्यात कूपरची साठाहून अधिक गीतं आहेत. ज्याला स्वतःला ती गीतं म्हणवत नव्हती त्याच्या शब्दांनी असंख्य माणसं आजवर सावरली. कूपर मनाने काहीही मानत असो, तो ज्याच्या हातात होता तो हात सुटला नव्हता, असं मला मनापासून वाटतं.

सांत्वन साठवून ठेवता येत नाही, ही आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात येते. निर्गमच्या १६ व्या अध्यायात रानात रोज सकाळी मिळणाऱ्या मान्ना या अन्नाचं माप माणशी एक ओमर, अदमासे दोन लिटर. जास्त गोळा केलं त्याला उरलं नाही, कमी गोळा केलं त्याला तुटलं नाही. सकाळपर्यंत ठेवू नका असं सांगितलं होतं; काहींनी ठेवलं, त्यात किडे पडले आणि घाण सुटली. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचं, आणि ते शब्बाथाला टिकायचं. तोच मान्ना, तीच भांडी. टिकणं न टिकणं देणाऱ्याच्या शब्दावर होतं. आपण दोन्ही बाजूंनी चुकतो. एक म्हणजे जुना अनुभव उकरत बसतो: तेव्हा त्या शिबिरात, त्या प्रार्थनासभेत कसं मन भरून आलं होतं, आता तसं का होत नाही? दुसरं म्हणजे पुढच्या वर्षीचं दुःख आजच्या ओमरवर पेलून पाहतो. आई गेली तर, नोकरी गेली तर, दुखणं उलटलं तर, असे विचार रात्री घोंगावतात आणि ते पेलण्याची शक्ती आतून येत नाही. ती येणार कशी? तो वाटा अजून पडलेलाच नाही. आज रात्री जे खरोखर समोर आहे तेवढंच मोजून त्यापुरतं मागावं. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती रोजची.

यरुशलेमाच्या पाडावावर रडणाऱ्या विलापगीत या पुस्तकातलं सगळ्यांना माहीत असलेलं वचन, देवाची करुणा रोज सकाळी नवी होते हे, त्याच मापाचं आहे. पण ते फ्रेममध्ये लावण्याआधी कुठे उभं आहे ते पाहावं. पाच अध्याय आहेत. पहिला, दुसरा आणि चौथा २२ वचनांचे आणि हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलेले. तिसरा ६६ वचनांचा, दर अक्षराला तीन. पाचव्यात वचनं २२ च, पण वर्णक्रम सुटलेला, जणू रडून रडून शिस्तच उरली नाही. ते आशेचं वचन तिसऱ्या अध्यायात, पुस्तकाच्या बरोबर पोटात येतं. त्याच्या आधी आणि नंतर राखच राख. पुस्तक संपतं ते 'तू आम्हाला अगदीच टाकलं आहेस का' अशा भीतीवर. यहुदी उपासनेत हे वाचताना शेवटच्या वचनानंतर आधीचं वचन पुन्हा म्हणतात, आम्हाला आपल्याकडे वळव, म्हणजे ऐकणारा त्या भीतीवर घरी जात नाही. दुःखात पुस्तकाचे पाचही अध्याय सलग, शक्यतो मोठ्याने वाचावेत. फक्त आशेची दोन वचनं काढून घेतली की ती पोकळ वाटायला लागतात, आणि दोष वचनांचा नसतो.

कृपा ज्या वेगाने येते तो वेग मात्र लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात, येशूच्या एका दृष्टांतात दिसतो. आपला वाटा घेऊन घर सोडलेला आणि तो उधळून बसलेला धाकटा मुलगा डुकरांमध्ये बसून एक भाषण तयार करतो. त्याचे तीन भाग आहेत: मी पाप केलं आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला एका मोलकऱ्यासारखं ठेवा. घरी येऊन तो बोलायला लागतो, पहिला भाग होतो, दुसरा होतो. तिसरा येतच नाही. बापाने चाकरांना झगा, अंगठी, जोडे आणायला सांगितलेलं असतं. मोलकरी होण्याचा प्रस्ताव तोंडातच राहतो. बाकी कबुली बाप ऐकून घेतो. तेवढा करार मात्र होऊ देत नाही. आपण प्रार्थनेत सगळ्यात जास्त वेळ घालवतो तो याच तिसऱ्या भागावर. मी आता असं करीन, इतकं देईन, पुन्हा कधी चुकणार नाही, फक्त मला कुठेतरी कोपऱ्यात ठेव. तो भाग आखून ठेवण्याची गरज नाही. पहिले दोन पुरेत.

धाकट्यासाठी मेजवानी आहे हे ऐकून रागाने बाहेरच थांबलेल्या थोरल्या भावाचं दुखणं वेगळं आहे आणि मंडळीत नियमाने येणाऱ्यांना तेच जास्त जडतं. तो वर्षं मोजतो, न मिळालेलं करडू मोजतो. बापाने मालमत्ता दोघांना वाटून दिली, असं त्याच अध्यायात आधी आलेलं आहे, आणि नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोन तृतीयांश. गोठ्यातलं प्रत्येक करडू त्याचंच होतं. त्याने स्वतःला इतकी वर्षं मोलकरी समजलं, जे व्हायची धाकट्याला परवानगी मिळाली नाही. तो म्हणतो 'हा तुमचा मुलगा', बाप म्हणतो 'हा तुझा भाऊ'. बाप त्याच्यासाठीही बाहेर आला आहे, हे आपण वाचताना बऱ्याचदा विसरतो. निनवे शहराला इशारा द्यायला पाठवलेल्या योना संदेष्ट्याचंही असंच झालं होतं. देव कृपाळू, मंदक्रोध, दयेचा सागर आहे, हे वासराच्या मूर्तीच्या पापानंतर मोशेला सांगितलेले शब्द योना घडाघडा म्हणतो, पण तक्रार म्हणून: मला माहीत होतं तू असाच आहेस, म्हणून तर मी पळालो. निनवेला माफी मिळाली याचा त्याला इतका राग येतो. दोन्ही गोष्टी अर्ध्यावर थांबतात. थोरला आत गेला का ते लूक सांगत नाही. योनाचं पुस्तक १,२०,००० माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं यांच्याबद्दलच्या देवाच्या प्रश्नावर संपतं.

इतक्या सढळ कृपेचा गैरवापर होणार ही भीती प्रेषित पौलालाही होती. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, हा प्रश्न तो स्वतःच विचारतो आणि झटकून टाकतो. जर्मन धर्मशास्त्रज्ञ दीट्रिख बॉनहोफरने १९३७ मध्ये 'स्वस्त कृपे'वर, म्हणजे पश्चात्तापाशिवाय मागितलेल्या माफीवर, कठोर लिहिलं आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये नाझींच्या फासावर गेला. त्याला तो शब्द वापरायचा अधिकार होता. पण कृपा माणसाला बदलते ती सावकाशही बदलते, हे न्यूटनच्याच आयुष्यात दिसतं. १७४८ मध्ये वादळातून वाचल्यावर तो देवाकडे वळला आणि त्यानंतरही १७५४ पर्यंत गुलामांच्या जहाजांवर राहिला. त्या धंद्याविरुद्ध त्याची पुस्तिका आली ती १७८८ मध्ये. चाळीस वर्षं. त्या वर्षांत जहाजाच्या तळाशी साखळदंडांत पडलेल्यांचा हिशेब कृपेच्या नावाखाली पुसता येत नाही, आणि त्यानेही तो पुसला नाही. आपल्या लाजेची कबुली त्याने छापून दिली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा. पुढे त्यांनी स्वतः लिहिलं की आठ वर्षांनी त्यांना कळलं, धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. इतक्या विद्वान बाईला आठ वर्षं लागली. स्वतःच्या संथपणावर चिडणाऱ्यांनी ही तारीखवार उदाहरणं जवळ ठेवावीत.

दुसऱ्याचं सांत्वन करायला जाताना, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आठवतात. त्यांचं वागणं सात दिवस आणि सात रात्री अगदी बरोबर होतं: त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. दफनाच्या घरी पोचल्या पोचल्या 'सर्व गोष्टी मिळून कल्याण करतात' हे वचन काढू नये. वचन खरं आहे, पण पौल तिथपर्यंत येण्याआधी सृष्टीच्या कण्हण्याबद्दल बोलतो, आपल्या कण्हण्याबद्दल बोलतो, आणि आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो हेही सांगतो. तीन वेळा कण्हणं, आणि मग ते वचन. आपण थेट शेवटाकडे उडी मारतो, कारण समोरच्याचं रडणं आपल्याला सोसवत नाही. त्यापेक्षा जवळ बसावं. पाणी द्यावं. गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं. लोक ते घ्यायला घाबरतात आणि घरच्यांना तेच ऐकायचं असतं. वाचायचंच असेल तर एक छोटं स्तोत्र, संथ, खुलासा न करता. महिना उलटल्यावर पुन्हा जावं, तेव्हा येणारे थांबलेले असतात.

१३६ वं स्तोत्र स्वतःच्या आयुष्यावर लिहून पाहण्याची रीत फार उपयोगी आहे. २६ ओळी, मूळ आराखडा धरून: ३ हाकेच्या, ६ सृष्टीच्या, १३ आपल्या इतिहासाच्या, ३ आजच्या, १ पुन्हा हाकेची. घटना थोडक्यात, अलंकार नकोत, आणि प्रत्येकीपुढे पालुपद पूर्ण लिहायचं. तिथे 'वरीलप्रमाणे' अशी खूण करू नये. पहिल्यांदा सगळ्यांचं एकच होतं: फक्त चांगल्या गोष्टी आठवतात, परीक्षा पास झालो, बाळ झालं, घर मिळालं, आणि पालुपद सुखाची पावती बनून जातं. तेरापैकी निदान दोन-तीन जागा अशा गोष्टींना द्याव्यात ज्यांचा अर्थ अजून लागलेला नाही. घटना आणि पालुपद यांच्यामध्ये 'म्हणून' घालू नये. कर्करोग झाला, म्हणून त्याची दया, असं तिथे म्हटलेलं नाही. कर्करोग झाला, त्याची दया सनातन आहे. दोन वाक्यं शेजारी ठेवायची आणि त्यांच्यातलं अंतर भरून काढण्याची घाई करायची नाही. काही ओळींपुढे ते वाक्य लिहिताना हात अडतो. तिथे जागा मोकळी सोडून पुढे जावं आणि काही महिन्यांनी परत यावं. कधी ती भरते, कधी नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवलं. काटा राहिला. 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढंच उत्तर आलं, आणि पुढची सगळी पत्रं, सगळे प्रवास, त्या काट्यासकट झाले.

त्याच पौलाने रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी, देवाच्या प्रीतीपासून आपल्याला जे वेगळं करू शकणार नाही त्याची दहा नावांची यादी दिली आहे. मरण, जीवन, देवदूत, अधिपती, वर्तमानकाळच्या गोष्टी, भविष्यकाळच्या गोष्टी, बलं, आकाश, पाताळ, आणि दुसरी कोणतीही सृष्ट वस्तू. मरण पहिलं आहे याचं कुणाला नवल वाटत नाही. जीवन दुसरं आहे, तिथे थांबायला हवं. मरणापेक्षा जगणंच माणसाला देवापासून जास्त झिजवत नेतं: रोजची दगदग, हप्ते, आजाऱ्याची शुश्रूषा, वर्षानुवर्षं न सुटणारं घरातलं भांडण. पौलाने तेही यादीत धरलं आहे. आणि दहावं नाव सगळ्यांत विस्तीर्ण आहे. रात्री दोनला जो विचार सर्वांत जास्त छळतो तो बहुधा बाहेरच्या शत्रूचा नसतो. मीच एक दिवस हात सोडून देईन, माझाच विश्वास संपेल, याचा असतो. पण मी तरी कोण? मला निर्माण केलेलं आहे, म्हणून मी त्या दहाव्या नावातच येतो. ते वचन वाचताना तिथे आपलं स्वतःचं नाव घालून, मोठ्याने वाचावं.